आठ रेघांची बाटली

आईच्या उशाशी ठेवलेल्या बाटलीवर मी काळ्या मार्करने आठ रेघा मारल्या होत्या. दोन रेघांमधलं अंतर १०० मिलिलिटरचं. दिवसाला आठ रेघा, म्हणजे ८०० मिलिलिटर, त्यावर थेंबही नाही. गोळीबरोबरचा घोट त्यातच धरायचा, चूळ भरताना गिळलं गेलेलं पाणीही त्यातच. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकत होता. एका रकान्यात आत गेलेलं, दुसऱ्यात बाहेर आलेलं. प्रत्येक वेळी सिस्टर मोजपात्र उजेडात धरायच्या, आकडा मोठ्याने म्हणायच्या आणि मी तो लिहायचो. हिशेबात मी लहानपणापासून कच्चा. पण आईच्या पाण्याचा हिशेब मी ते सगळे दिवस चोख ठेवला.

आणि तिचं मागणं एकच होतं. "एक घोट दे ना रे."

महिनाभरापूर्वी तिच्या गालात वीज चमकावी तशी कळ यायला लागली होती. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. त्यावर कार्बामाझेपिन नावाचं औषध सुरू झालं आणि कळ खरंच थांबली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग तिला मळमळायला लागलं, डोकं जड झालं, बोलणं कमी झालं. घरातल्या प्रत्येकाने एकच निदान केलं: पाणी कमी पडतंय. जो तिच्या खोलीत जाई तो ग्लास भरून देई, आणि ती बिचारी मुकाट्याने पिई. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "अण्णा, कधी आलास तू?"

अण्णा म्हणजे तिचा मोठा भाऊ. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम ११८. ते १३५ ते १४५ असायला हवं. मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे अंगातलं मीठ कमी झालंय?" ते म्हणाले, "मीठ जवळपास आहे तेवढंच आहे. पाणी वाढलंय." मग त्यांनी पेनाच्या टोकाने दोन आकडे दाखवले. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, २४८, लघवीची ४६०. "रक्त इतकं पातळ असताना लघवी नितळ पाण्यासारखी यायला हवी, शंभरच्याही खाली. यांची किडनी पाणी सोडतच नाहीये. तिला सतत कुणीतरी सांगतंय, धरून ठेव, धरून ठेव."

"कोण सांगतंय?"

"व्हॅसोप्रेसिन."

शाळेत हे नाव कधीतरी पाठ केलं असणार. एडीएच, मूत्ररोधी संप्रेरक, दोन मार्कांचं उत्तर. त्या रात्री आई अर्धवट झोपेत असताना मी फोनवर त्याच्याबद्दल वाचायला लागलो. पुढचे काही महिने वाचतच राहिलो. सुरुवातीला कारण साधं होतं: मी माझ्या हाताने आईला पाजलेलं पाणी तिच्या मेंदूत कसं शिरलं, हे मला समजून घ्यायचं होतं.

*

हा रेणू दिसायला किरकोळच. नऊ अमिनो आम्लांची साखळी. पहिलं आणि सहावं एकमेकांना गंधकाच्या बंधाने धरून असतात, त्यामुळे सहा जणांचं एक कडं होतं आणि उरलेल्या तिघांची शेपटी. बाळंतपणात कळा आणणारं आणि आईच्या छातीत दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन याचं सख्खं भावंड. नवांपैकी फक्त दोन जागा वेगळ्या. माणसात आणि बहुतेक सस्तन प्राण्यांत आठव्या जागेवर आर्जिनिन असतं, डुकरात लायसिन.

तो तयार होतो मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या काही थोराड चेतापेशींत. तिथून त्याच पेशींच्या लांब धाग्यांमधून घरंगळत पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात येतो आणि साठून राहतो. पिट्युटरीचा हा मागचा भाग स्वतः काहीच बनवत नाही. ते नुसतं गोदाम आहे. वरून हुकूम आला की माल रक्तात सोडायचा.

हुकूम येतो कुठून, ते मला सगळ्यात आवडलं. मेंदूभोवती एक कडक पहारा असतो; रक्तातलं वाटेल ते आत शिरू शकत नाही. पण मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या कडेला एकदोन जागा अशा आहेत की तिथे हा पहारा मुद्दाम ढिला ठेवलेला आहे. तिथल्या पेशी रक्ताची चव घेत बसलेल्या असतात. रक्त जरा दाट झालं की त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्या आक्रसतात, आणि हे आक्रसणं हाच इशारा. १९४७ साली अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून अशा जाणकार पेशी असल्या पाहिजेत असं मांडलं आणि त्यांना ऑस्मोरिसेप्टर हे नाव दिलं. एक-दोन टक्क्यांचा फरकही त्यांना कळतो. स्वयंपाकात इतक्या बारीक फरकाने मीठ जास्त झालं तर मला तरी ते कळणार नाही.

साधारण २८० ते २८५ च्या पुढे रक्त दाटायला लागलं की व्हॅसोप्रेसिन वाढायला लागतं. तहान मात्र लागते आणखी काही अंक वर गेल्यावर. म्हणजे आपल्याला तहान लागली हे जेव्हा आपल्याला कळतं, तोवर किडनीला ती बातमी केव्हाच पोचलेली असते आणि तिने निमूटपणे पाणी वाचवायला सुरुवातही केलेली असते. तहान ही मला आयुष्यभर शरीराची पहिली हाक वाटत आली होती. ती दुसरी निघाली. घरात पैशाची चणचण आली की मोठी माणसं आधी गुपचूप खर्च आवरतात आणि अगदीच भागेनासं झालं की मग मुलांना सांगतात, त्यातला प्रकार.

पाणी प्यायल्यावरचं तर याहून नवलाचं. आपण घोट गिळतो तेव्हा ते पाणी पोटातून रक्तात मिसळायला वेळ लागतो. रक्त अजून तितकंच दाट असतं. तरीही काही मिनिटांतच व्हॅसोप्रेसिन उतरायला लागतं आणि तहान शमते. तोंड आणि घसा मेंदूला आगाऊ कळवतात की माल निघालाय, आणि मेंदू त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून उधारी मंजूर करतो. हे वाचलं आणि मला सिस्टरांचा सल्ला आठवला. आई फारच कासावीस झाली की त्या म्हणायच्या, "पाणी देऊ नका, ओल्या कापडाने ओठ आणि जीभ पुसा." मी पुसायचो. तिचा चेहरा क्षणभर सैल व्हायचा. मग मेंदूच्या लक्षात यायचं की उधारी बुडीत आहे, आणि ती पुन्हा म्हणायची, "एक घोट."

*

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळते. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छापखान्याची चूक वाटली. त्यातलं बहुतेक सगळं पुढच्या नळ्यांमध्ये आपोआप परत घेतलं जातं. पण अगदी शेवटी एक गोळा करणारी नळी असते आणि तिथे निकाल लागायचा बाकी असतो. नळीच्या बाहेर खारट मुलूख, आत पातळ पाणी. मधली भिंत पाणी जाऊ देत नाही. म्हणजे पाणी बाहेर ओढून घ्यायची सगळी तयारी आहे, फक्त दार नाही.

दारं आहेत, पण ती पेशीच्या आत ठेवलेली आहेत. अॅक्वापोरिन-२ नावाच्या प्रथिनाच्या या इवल्या नळ्या पेशीच्या पोटात बुडबुड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात. व्हॅसोप्रेसिन रक्ताच्या बाजूने येतं, पेशीच्या अंगावरच्या व्ही-२ रिसेप्टरला, म्हणजे निरोप वाचणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला निरोप्या तयार होतो, आणि ते बुडबुडे सरकत सरकत नळीकडच्या भिंतीला जाऊन भिडतात. भिंतीत दारं बसतात. पाणी निघून रक्तात परत जातं, आणि लघवी दाट, पिवळी, थोडीशी. व्हॅसोप्रेसिन ओसरलं की दारं पुन्हा आत ओढून घेतली जातात. रेणूचं आयुष्य फार नाही. दहा-वीस मिनिटांत रक्तातला निम्मा संपतो. त्यामुळे हुकूम सारखा नव्याने द्यावा लागतो, आणि म्हणूनच तो पटकन बदलताही येतो. या एका यंत्रणेच्या जोरावर माणसाची लघवी ५० इतकी पातळ किंवा १२०० इतकी दाट होऊ शकते.

ही दारं कुणी शोधली त्याची गोष्ट मला फार गमतीची वाटते. पीटर अॅग्री हे तांबड्या पेशींवरच्या आरएच रक्तगटाच्या प्रथिनाच्या मागे होते. त्यांच्या नमुन्यात एक दुसरंच प्रथिन सारखं लुडबुड करत होतं. ते काय करतं हे कुणालाच माहीत नव्हतं. १९९२ मध्ये त्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत घालून पाहिलं. साध्या पाण्यात ठेवल्यावर ती अंडी फुगली आणि फुटली. बाकीची तशीच राहिली. पाण्याचा दरवाजा सापडला होता. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि रॉडरिक मॅकिनन यांना मिळालं. किडनीतली दारं त्याच घराण्यातली.

आईच्या बाबतीत ही दारं बंद होत नव्हती. कार्बामाझेपिनमुळे व्हॅसोप्रेसिन नको तेव्हा सुटतं, आणि किडनीही त्याला जास्त ऐकायला लागते. रक्त पातळ झाल्यावर खरं तर हुकूम थांबायला हवा. तो थांबत नव्हता. त्यात मळमळ, जी स्वतःच व्हॅसोप्रेसिन वाढवणारी एक जबरदस्त गोष्ट आहे. आणि त्यात आम्ही, ग्लासामागून ग्लास घेऊन. एरवी कितीही पाणी प्यायलं तरी किडनी ते सहज फेकून देते. पण दारं उघडी राहिली की प्यायलेला प्रत्येक घोट आत मुक्काम करतो. पातळ रक्तातलं पाणी पेशींमध्ये शिरतं. बाकीच्या पेशी फुगल्या तर फुगल्या, त्यांना जागा असते. मेंदूला कवटीची भिंत. म्हणून डोकेदुखी, म्हणून गुंगी, म्हणून अण्णा.

१९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी पहिल्यांदा असे दोन रुग्ण नोंदवले. दोघांना फुप्फुसाचा कॅन्सर होता, आणि रक्त पातळ असूनही लघवीवाटे सोडियम जातच होतं. असं न्यूमोनियात होतं, मेंदूला मार लागला की होतं, कितीतरी औषधांनी होतं. धडधाकट माणसांनाही होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. धावण्याच्या ताणाने व्हॅसोप्रेसिन वर राहतं, आणि वाटेत दर टप्प्यावर कुणीतरी प्रेमाने पाण्याचा पेला पुढे करत असतं. ते वाचून मला, खोटं कशाला बोलू, जरा हलकं वाटलं. पाणी पाजून घोटाळा करणारे आम्हीच पहिले नव्हतो.

उपाय मला उरफाटा वाटला होता. पहिल्या रात्री शिरेतून तीन टक्के मिठाचं पाणी, मशीनवर मोजून, थेंबाथेंबाने. नंतर फक्त पाणी तोडायचं आणि गोळी बंद. मी अधीर झालो होतो. सोडियम ११८ वरून लगेच १४० का करत नाही? डॉक्टर म्हणाले, "चोवीस तासांत आठाच्या वर चढू द्यायचं नाही." फुगायला लागलेला मेंदू दोन दिवसांत आपल्यातले कण बाहेर टाकून त्या पातळपणाशी जुळवून घेतो. मग बाहेरचं रक्त एकदम दाट केलं, तर त्याच मेंदूतलं पाणी झपाट्याने ओढलं जातं आणि चेतातंतूंवरचं आवरण निसटू शकतं. ते कायमचं. त्यामुळे ११८, १२१, १२४. तिसऱ्या दिवशी १२८. मी परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसा प्रयोगशाळेच्या दारात उभा असायचो.

*

व्हॅसोप्रेसिन या नावाचा अर्थ रक्तवाहिन्या आवळणारं. पाण्याचा त्यात कुठे उल्लेखही नाही. १८९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी पिट्युटरीचा अर्क जनावराच्या शिरेत सोडला आणि रक्तदाब चढलेला पाहिला. मग बरीच वर्षं त्याची ओळख तीच. काही काळ तर तो अर्क लघवी वाढवतो असंच मानलं गेलं. १९१३ मध्ये जर्मनीत फॉन डेन फेल्डेन आणि इटलीत फारिनी यांनी सारखी लघवी होणाऱ्या रुग्णांना तो टोचला, तेव्हा ती आटली. त्यानंतर मग मूत्ररोधी हे दुसरं नाव. दोन वेगळी द्रव्यं असावीत अशीही शंका होती. व्हिन्सेंट द्यू विग्नो यांनी ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन दोन्ही प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि १९५५ चं रसायनाचं नोबेल त्यांना मिळालं. एकच रेणू होता. कामं दोन.

दोनही म्हणता येणार नाही. हे मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारं प्रकरण आहे. रेणू तोच, नऊ कड्यांचा. त्याच्यात काही लिहिलेलं नाही. अर्थ ठरतो तो वाचणाऱ्याकडे. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूवर व्ही-१ए रिसेप्टर असतो; तो हा निरोप वाचतो आणि पेशीत कॅल्शियम उसळतं, स्नायू आवळतो. यकृतातला व्ही-१ए त्याच निरोपावरून साठवलेली साखर सुटी करतो. पिट्युटरीच्या पुढच्या भागातला व्ही-१बी वाचतो आणि कॉर्टिसॉलच्या साखळीला चालना देतो. म्हणजे तिथे याच शब्दाचा अर्थ 'ताण आलाय, तयार राहा'. किडनीतला व्ही-२ वाचतो, 'पाणी धर'. आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर हाच व्ही-२ असतो, तिथे अर्थ होतो 'रक्त गोठवायचं सामान बाहेर काढ'. त्यामुळे सौम्य हिमोफिलियात याच घराण्यातलं औषध दात काढण्याआधी देतात. "ठीक आहे" हे दोन शब्द आई म्हणते तेव्हा घरातले चार जण चार अर्थ घेतात, आणि चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, तसं काहीसं.

सगळ्यांचे कान मात्र सारखे तिखट नाहीत. किडनी कुजबुजही ऐकते. रक्तवाहिन्यांना ओरडून सांगावं लागतं. रोजच्या धबडग्यात रक्तातलं व्हॅसोप्रेसिन इतकं थोडं असतं की त्याने रक्तदाब फारसा हलत नाही. थोडक्यात, जे काम तो रोज करतो त्यावरून त्याला नाव मिळालं नाही. जे आणीबाणीत करतो त्यावरून मिळालं.

आणीबाणी म्हणजे रक्त वाहून जाणं. पाच-दहा टक्के रक्त गेलं की छातीतले आणि मानेतले दाब मोजणारे तंतू मेंदूला ओरडून सांगतात आणि व्हॅसोप्रेसिनचा लोंढा सुटतो. अशा वेळी रक्त किती पातळ आहे हा प्रश्न मागे पडतो. शरीर आधी भांडं भरलेलं ठेवतं, चव मागाहून पाहतं. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो, त्या सेप्टिक शॉकमध्ये हा लोंढा एक-दोन दिवसांत आटतो, गोदाम रिकामं पडतं. अतिदक्षता विभागात मग तोच रेणू बाहेरून देतात, मिनिटाला ०.०३ युनिट इतका.

निरोप वाचणाऱ्यानुसार बदलतो म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात पुढची खोड आलीच: असं पत्र लिहू या की ते एकालाच वाचता येईल. १९६०च्या दशकात प्राग शहरात ते लिहिलं गेलं. पहिल्या कडीतला अमिनो गट काढला, आठवं आर्जिनिन आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं केलं. झालं डेस्मोप्रेसिन. व्ही-२ ला ते स्पष्ट वाचता येतं, रक्तवाहिन्यांना जवळजवळ दिसतही नाही, आणि शरीराला ते लवकर मोडता येत नाही. उलट बाजूने टोल्वाप्टॅन. ते व्ही-२ चे कान बंद करतं. अडकलेलं पाणी सुटतं. किडनीत गळवांसारख्या पाण्याच्या पिशव्या वाढत जाण्याचा जो आनुवंशिक आजार आहे त्यातही ते देतात, कारण त्या पिशव्यांना वाढायला हेच सायक्लिक एएमपी लागतं. रुग्णाला मात्र दिवसरात्र तहान आणि लघवीचा फेरा सहन करावा लागतो.

*

आईच्या अगदी उलट टोकालाही माणसं आहेत. त्यांच्यात हा निरोप सुटतच नाही, किंवा किडनीला वाचता येत नाही. दिवसाला दहा-पंधरा लिटर लघवी. मराठीत उदकमेह. इंग्रजी डॉक्टरीत त्याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणायचे, म्हणजे बेचव. कारण पूर्वीचे वैद्य लघवी चाखून पाहत, आणि मधुमेहाच्या गोड लघवीपेक्षा ही वेगळी लागे. या नावाने फार नुकसान केलं. डायबेटिस दिसलं की दवाखान्यातली माणसं साखर मोजत बसायची आणि रुग्णाचं डेस्मोप्रेसिन द्यायचं राहून जायचं. त्यातून माणसं दगावली. म्हणून २०२२ मध्ये जगभरच्या अंतःस्रावतज्ज्ञांनी नाव बदलायचं सुचवलं: व्हॅसोप्रेसिनची कमतरता आणि व्हॅसोप्रेसिनला दाद न देणं, असे दोन सरळ आजार. दुसऱ्यातला जन्मजात प्रकार बहुधा मुलग्यांना होतो, कारण व्ही-२ चा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलग्याकडे त्याची दुसरी प्रत नसते. तान्ह्या बाळाला तहान लागली हे सांगता येत नाही. ते फक्त रडतं, तापतं, वजन धरत नाही. लिथियमच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचीही किडनी अशीच बहिरी होऊ शकते.

प्रेमाबद्दल लिहिल्याशिवाय या रेणूवरचा लेख पुरा होत नाही असा हल्ली संकेत आहे, म्हणून थोडक्यात. प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी जोडीने राहतात. त्यांचे चुलत मेडो व्होल राहत नाहीत. २००४ मध्ये संशोधकांनी मेडो व्होल नरांच्या मेंदूतल्या एका जागी व्ही-१ए वाढवला, आणि ते आपल्या मादीला चिकटून बसू लागले. बातम्यांना एकपत्नीत्वाचं हॉर्मोन मिळालं. मग २०२२ मध्ये हॅमस्टरमधला तोच रिसेप्टर जनुकातूनच काढून टाकला. अपेक्षा अशी की प्राणी अलिप्त होतील. ते जास्तच मिसळू लागले, जास्तच भांडू लागले. मला हा दुसरा प्रयोग जास्त आवडतो. नऊ कड्यांच्या रेणूत संसार शोधणाऱ्यांची जिरली म्हणून.

तरी या रेणूशी माझं एक खासगी नातं निघालं. निरोगी मोठ्या माणसात झोपेच्या वेळी व्हॅसोप्रेसिन वाढतं, म्हणून आपण सात-आठ तास न उठता झोपू शकतो. काही मुलांत ही रात्रीची भरती उशिरा स्थिरावते. रात्रीची लघवी कमी होत नाही, झोप गाढ असते, आणि अंथरूण ओलं होतं. मी आठ वर्षांचा होईपर्यंत त्यातला होतो. घरात त्यावरून बोलणी बसायची. "एवढा घोडा झाला तरी" हे वाक्य मला पाठ होतं. आई बोलायची नाही. ती रात्री दोनच्या सुमारास उठायची, मला काखेत धरून उभं करायची आणि झोपेतच मोरीपर्यंत चालवत न्यायची. मला त्यातलं काही आठवत नाही, फक्त पायाखालची गार फरशी आणि तिचा आवाज, "झालं का रे?" चाळीस वर्षांनी त्या खोलीत रात्री दोन वाजता मी तिला उठवून बसवत होतो, भांडं धरत होतो, आणि तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं. ती हसली. तिला काही आठवून हसली की गुंगीत, ते मी विचारलं नाही.

आता तीच भरती माझ्यात ओसरायला लागली आहे. वयाबरोबर ती सपाट होत जाते. मीही रात्री एकदा, कधी दोनदा उठतो. संध्याकाळी मद्याचा पेला झाला असेल तर जास्तच, कारण अल्कोहोल व्हॅसोप्रेसिनचा हुकूम वरच दाबून टाकतं. प्यायलं त्यापेक्षा जास्त जातं आणि सकाळी जीभ टाळूला चिकटते. अंधारात चाचपडत जाताना मी हल्ली कुरकुरत नाही. आत कुठल्यातरी नळीत दारं मिटलेली आहेत, एवढंच मनात येतं.

पाचव्या दिवशी सोडियम १३१ झालं. सकाळी मी खोलीत शिरलो तर ती उठून बसली होती. "दाढी वाढलीये तुझी," म्हणाली. मला माझ्या नावाने हाक मारली. आणखी दोन दिवसांनी १३५ वर आम्ही घरी आलो. गालाच्या दुखण्याला दुसरी गोळी मिळाली आणि पाण्याची अट हळूहळू सुटली.

बाटलीवरच्या रेघा मात्र पक्क्या शाईच्या होत्या. घासूनही गेल्या नाहीत. आईला ते दिवस आठवतच नाहीत. पहिल्या कळेपासून दाढीपर्यंतचं सगळं पुसलं गेलंय. परवा दुपारी बाहेरून दमून आली, समोर दिसली म्हणून तीच बाटली उचलली आणि उजेडात धरली.

"या रेघोट्या कुणी ओढल्या रे हिच्यावर?"

"मीच."

"चांगली बाटली खराब केलीस," ती म्हणाली, आणि बाटली तोंडाला लावून एका दमात चार रेघा खाली आली.